परदेशातील स्थावर मालमत्तेच्या भाड्यावरील कर

एका देशाच्या रहिवाशाने दुसऱ्या देशातील आपली जमीन वा इमारत भाड्याने दिली असता त्या उत्पन्नावर आकारला जाणारा कर. मालमत्ता जागची हलत नाही. भाडे मात्र मालकामागून सीमेपार जाते. त्यामुळे मालमत्ता जेथे आहे ते राज्य आणि मालक जेथे राहतो ते राज्य अशी दोन्ही राज्ये या उत्पन्नावर हक्क सांगू शकतात. यांपैकी पहिला हक्क कोणाचा, हा या कराच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. अठराव्या शतकातील आयर्लंडमध्ये तो विशेष तीव्रतेने पुढे आला.

त्या काळी आयर्लंडमधील विस्तीर्ण जमिनी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या जमीनदारांच्या मालकीच्या होत्या. आयरिश कुळांनी भरलेला खंड कारभाऱ्यांमार्फत गोळा होई आणि लंडनमध्ये खर्च होई. टॉमस प्रायर याने १७२९ मध्ये अशा अनुपस्थित धनिकांची यादीच प्रसिद्ध केली व त्यांच्यापायी देशाबाहेर जाणारी रक्कम वर्षाला सहा लाख पौंडांहून अधिक असल्याचा अंदाज दिला. एकोणिसाव्या शतकात दादाभाई नवरोजींनी भारतातील संपत्तीच्या निःसारणासंबंधी जे विवेचन केले, त्याच्याशी या तक्रारीचे साम्य उघड आहे. आयर्लंडबाहेर राहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वेतनांवर व निवृत्तिवेतनांवर १७१५ मध्ये पौंडामागे चार शिलिंग कर बसविण्यात आला होता. परंतु जमिनीचा खंड त्यातून सुटला होता. १७७३ मध्ये आयरिश खजिन्यात तूट पडल्यामुळे व्हाइसरॉय लॉर्ड हारकोर्ट याच्या कारकीर्दीत या खंडालाच हात घालण्याचे ठरले. वर्षातील सहा महिनेही आयर्लंडमध्ये न राहणाऱ्या जमीनदाराच्या निव्वळ खंडावर पौंडामागे दोन शिलिंग कर घ्यावा, अशी ही योजना होती. आयरिश संसदेतील पुढारी हेन्री फ्लड याने तिला पाठिंबा दिला.

इंग्लंडमध्ये मात्र तिच्याविरुद्ध वादळ उठले. रॉकिंगहॅम, डेव्हनशर, बेसबरो, मिल्टन आणि अपर ऑसरी या पाच बड्या जमीनदारांनी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ याच्याकडे संयुक्त निषेध नोंदविला. रॉकिंगहॅमचा अनुयायी एडमंड बर्क याने त्यांची बाजू तात्त्विक भूमिकेवरून मांडली. एकाच राजछत्राखालील दोन राज्यांत जमीन असणाऱ्यास दोन्हीकडे एकाच वेळी राहणे शक्य नसते. अशा व्यक्तीस निवासाबद्दल दंड करणे म्हणजे साम्राज्याची एकात्मता भंग करणे होय, असे त्याचे म्हणणे होते. युक्तिवाद चतुर होता. खंड भरणाऱ्या कुळाला मात्र त्यात फारसे स्थान नव्हते. हा कर म्हणजे सरसकट जमीनकराची नांदी ठरेल, अशी धास्ती आयर्लंडमध्येच राहणाऱ्या जमीनदारांनाही वाटू लागली आणि आयरिश कनिष्ठ सभागृहाने योजना फेटाळली.

ब्रिटनमधील प्राप्तिकराने या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. विल्यम पिटने १७९९ मध्ये सुरू केलेला आणि सर रॉबर्ट पीलने १८४२ मध्ये पुन्हा आणलेला हा कर रहिवाशाच्या परदेशस्थ मालमत्तेलाही लागू होता. मात्र जी रक्कम प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये आणली जाई, तेवढीच करपात्र असे. परदेशातील भाडे तेथेच गुंतवून ठेवणाऱ्या मालकास त्यावर ब्रिटिश कर द्यावा लागत नसे. लॉइड जॉर्जच्या १९१४ च्या वित्त अधिनियमाने ही पळवाट बंद केली. परदेशातील रोखे, भाग व भाडी यांचे संपूर्ण उत्पन्न, ते मायदेशी आणले असो वा नसो, करपात्र ठरले. ब्रिटनमध्ये कायम अधिवास नसलेल्यांना दिलेला अपवाद मात्र एका शतकाहून अधिक काळ टिकला. तो ६ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला [⟶ प्राप्तिकर].

पहिल्या महायुद्धात करांचे दर चढले आणि एकाच भाड्यावर दोनदा कर देणे दुःसह झाले. राष्ट्रसंघाने हा प्रश्न ब्रुइन्स, एइनाउदी, सेलिग्मन व स्टँप या चार अर्थतज्ञांकडे सोपविला. त्यांनी १९२३ च्या अहवालात करदात्याच्या ‘आर्थिक निष्ठे’ची कसोटी मांडली आणि जमीन व इमारती यांच्या बाबतीत स्थानाला प्राधान्य दिले. १९२८ च्या जिनीव्हा येथील नमुना करारांतून हे तत्त्व पुढे आले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या १९६३ व १९७७ च्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८० च्या नमुना करारातही स्थावर मालमत्तेसंबंधीच्या सहाव्या अनुच्छेदात ते कायम आहे. ब्रिटन व आयरिश फ्री स्टेट यांच्या १९२६ च्या करारात मात्र निवासाच्या देशालाच कराचा हक्क देण्यात आला होता. १७७३ मध्ये जो कर बसविता आला नाही, त्याच्यावरील हक्क स्वतंत्र आयर्लंडने अशा रीतीने परस्परतेच्या बदल्यात सोडला, हे लक्षणीय आहे. १९७६ च्या करारानंतर तेथेही स्थानाचे तत्त्व आले.

स्थानाला पहिला हक्क मिळाला, तरी निवासाच्या देशाचा हक्क सहसा नष्ट होत नाही. परदेशात १,००० रुपयांच्या निव्वळ भाड्यावर २०० रुपये कर भरला आणि मायदेशी त्यावर ३०० रुपये कर होत असेल, तर जमा पद्धतीनुसार मायदेशी उरलेले १०० रुपये भरावे लागतात. सूट पद्धतीत ते उत्पन्न मायदेशी करमुक्त राहते. जेथे परदेशात भाड्यावर प्राप्तिकरच नाही – दुबईतील व्यक्तिगत मालकीची सदनिका हे परिचित उदाहरण – तेथे वजा करण्याजोगे काही नसते व मायदेशाचा पूर्ण कर द्यावा लागतो. स्थानिक कर ढोबळ भाड्यावर आहे की खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेवर, हेही महत्त्वाचे असते. अमेरिकेत अनिवासी मालकाच्या ढोबळ भाड्यावर ३०% कपात होई. कर्जाचे व्याज व दुरुस्ती भागविल्यावर पुष्कळदा तेवढी रक्कम शिल्लकच राहत नसे. निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा विकल्प तेथे १९६६ मध्ये मिळाला.

भारतात रहिवाशाचे परदेशातील उत्पन्न १९३९ च्या दुरुस्तीने व्यापक प्रमाणात करकक्षेत आले. करारांत मात्र अशा उत्पन्नावर स्थानाच्या देशास ‘कर आकारता येईल’ असे शब्द असत. हे शब्द एकास मुभा देतात की दुसऱ्याचा हक्क काढून घेतात, हा वाद मलेशियात रबरमळे असलेल्या एका चेट्टियार करदात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २००४ मध्ये न्यायालयाने ते उत्पन्न भारतात करपात्र नाही, असा निर्णय दिला. केंद्र शासनाने ऑगस्ट २००८ मध्ये अधिसूचना काढून असे उत्पन्न भारतातील एकूण उत्पन्नात धरले जाईल व करारानुसार सवलत मिळेल, असे स्पष्ट केले.

वसुलीच्या बाबतीत सर्वत्र अडचण एकच : मालक दूर, हाताशी केवळ भाडेकरू. ब्रिटनमध्ये १९९६ पासून अनिवासी मालकाच्या भाड्यातून त्याच्या प्रतिनिधीने, आणि प्रतिनिधी नसल्यास आठवड्याला १०० पौंडांहून अधिक भाडे देणाऱ्या भाडेकरूने, कर कापून भरावयाचा असतो. भारताच्या १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील १९५ व्या कलमाने हीच जबाबदारी भाडेकरूवर टाकली. तिला भाड्याच्या रकमेची किमान मर्यादाही ठेवली नव्हती. त्यामुळे परदेशी स्थायिक झालेल्या मालकाची पुण्या-मुंबईतील सदनिका भाड्याने घेणाऱ्या नोकरदारास कर कापून सरकारजमा करणे प्राप्त झाले आणि तो न कापल्यास करवसुलीचा तगादा मालकाऐवजी त्याच्याकडे येऊ शके.