चित्रबिंदूंचे अंकगणित

नांदेडचे दृष्टिपटल आणि लातूरचा जलाशय : बेरीज-वजाबाकीवर उभे राहिलेले प्रतिमाशास्त्र

संगणकाच्या पडद्यावरील छायाचित्र माणसाला चित्र म्हणून दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ते आकड्यांचे एक विस्तीर्ण कोष्टक असते. कोष्टकातील प्रत्येक चौकट म्हणजे एक चित्रबिंदू, अर्थात पिक्सेल. कृष्णधवल चित्रात प्रत्येक पिक्सेलचा एक आकडा असतो. शून्य म्हणजे गडद काळा आणि २५५ म्हणजे शुभ्र पांढरा. रंगीत चित्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. या आकड्यांवर संगणकीय आज्ञावलीद्वारे बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार करण्याच्या पद्धतीस चित्रबिंदूंचे अंकगणित म्हणता येईल. रोगनिदानापासून दुष्काळाच्या मूल्यमापनापर्यंत अनेक कामांचा पाया हेच साधे गणित आहे. मराठवाड्यातील दोन उदाहरणांवरून त्याचे सामर्थ्य आणि त्यातील धोका, दोन्ही स्पष्ट होतात.

चार क्रिया, चार उपयोग

अमेरिकेतील रसेल किर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. ते जगातील पहिले अंकीय छायाचित्र मानले जाते. १७६ गुणिले १७६, म्हणजे अवघे ३०,९७६ बिंदू त्यात होते. तेव्हापासून बिंदूंची संख्या प्रचंड वाढली. त्यांच्यावर होणाऱ्या मूळ क्रिया मात्र त्याच राहिल्या.

बेरजेचा मुख्य उपयोग सरासरीसाठी होतो. एकाच दृश्याची सोळा छायाचित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, तर कॅमेऱ्यातील यादृच्छिक खरखर साधारण एक चतुर्थांशावर येते. वजाबाकी बदल दाखविते. आधीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा केले की जे बदलले तेवढेच उरते. गुणाकाराने नको असलेला भाग झाकता येतो. हव्या त्या भागात एक आणि इतरत्र शून्य असलेल्या ‘मुखवट्या’ने चित्राला गुणले की बाकीचे सारे काळे होते. भागाकाराने कमी-अधिक प्रकाशाचा परिणाम पुसला जातो आणि दोन रंगपट्ट्यांची तुलना शक्य होते.

नांदेड : डोळ्यातील सूक्ष्म ठिपके

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटलास होणाऱ्या विकाराच्या प्रतिमांचा एक संग्रह या संस्थेच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये जगासमोर आला. ‘इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट’, संक्षेपाने ‘आयडीआरआयडी’, असे त्याचे नाव. त्यातील ५१६ छायाचित्रे नांदेडमधील एका नेत्रचिकित्सालयात घेण्यात आली. त्यांपैकी ८१ छायाचित्रांत विकाराच्या खुणा बिंदू-बिंदूने आखून दिलेल्या आहेत. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील वैद्यकीय प्रतिमाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या संग्रहावर आधारित स्पर्धाही झाली.

या संग्रहातील प्रत्येक छायाचित्र ४,२८८ गुणिले २,८४८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख बिंदूंचे आहे. तीन रंगांचा विचार केला तर एका डोळ्याच्या एका छायाचित्रात साडेतीन कोटींहून अधिक आकडे भरतात. या आकड्यांच्या समुद्रात शोधायची असते ती एक अतिशय छोटी गोष्ट. मधुमेहात दृष्टिपटलातील केशवाहिन्यांना बारीक फुगवटे येतात. छायाचित्रात ते लालसर, काळपट ठिपक्यांसारखे दिसतात. विकाराची ही सर्वांत आधी दिसणारी खूण होय. पुढच्या टप्प्यांत रक्तस्राव, मेदाचे पिवळसर डाग आणि कापसासारखे पांढुरके डाग दिसू लागतात. सुरुवातीला रुग्णाला काहीच त्रास जाणवत नसल्याने या ठिपक्यांचा वेळीच शोध लागणे महत्त्वाचे ठरते.

शोधाची पहिली पायरी म्हणजे हिरवी रंगपट्टी वेगळी काढणे. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे रक्तवाहिन्या आणि फुगवटे या पट्टीत सर्वांत ठसठशीत उमटतात. दुसरी पायरी वजाबाकीची. दृष्टिपटलावर प्रकाश सर्वत्र सारखा पडत नाही. मध्य उजळ तर कडा अंधूक असते. म्हणून चित्राची एक अतिशय धूसर आवृत्ती तयार करून तिला ‘पार्श्वभूमी’ मानतात आणि मूळ चित्रातून ती वजा करतात. उरतात ते केवळ आसपासच्या भागाहून वेगळे असणारे बिंदू.

येथेच घात होण्याची शक्यता असते. समजा, एखाद्या ठिकाणी पार्श्वभूमी १०० आहे. तेथील मेदाचा डाग १८० आहे. वजाबाकी अधिक ८० येते. फुगवट्याचा ठिपका ९० आहे. वजाबाकी उणे १० येते. परंतु आठ बिटांच्या चौकटीत शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतात. उणे आकड्याला तेथे जागाच नसते. मग संगणक काय करतो, हे वापरलेल्या साधनावर अवलंबून असते. पायथन भाषेतील ‘नमपाय’ हे साधन मोटारीच्या किलोमीटर दाखविणाऱ्या चाकाप्रमाणे आकडा मागे फिरविते आणि उणे १० ऐवजी २४६ देते. काळा ठिपका मेदाच्या डागापेक्षाही उजळ होतो. ‘ओपनसीव्ही’ या साधनातील वजाबाकीची आज्ञा आकडा शून्यावर अडविते. तेथे ठिपका उजळत नाही; तो सपशेल नाहीसा होतो.

पहिली चूक डोळ्यांना खटकते, कारण चित्र विचित्र दिसते. दुसरी अधिक फसवी आहे. चित्र स्वच्छ, नीटनेटके दिसते. त्यात पिवळे डाग असतात, फक्त विकाराची पहिली खूण नसते. बेरजेतही हाच प्रकार घडतो. २०० आणि १०० यांची सरासरी १५० आहे. पण आधी आठ बिटांत बेरीज केली, तर एका साधनात ३०० चे ४४ होऊन सरासरी २२ येते आणि दुसऱ्यात २५५ वर अडून ती १२७ च्या आसपास येते.

उपाय सोपा आहे. गणित करण्यापूर्वी आकडे मोठ्या, ऋण संख्या सामावून घेणाऱ्या किंवा दशांश चौकटीत न्यावेत. गणित पूर्ण झाल्यावरच ते पुन्हा शून्य ते २५५ मध्ये आणावेत. काळे ठिपकेच शोधायचे असतील, तर पार्श्वभूमीतून चित्र वजा करावे, म्हणजे हवे ते उत्तर धन येते.

लातूर : कोरडे धरण, भरलेले चित्र

हेच गणित आकाशातून घेतलेल्या प्रतिमांनाही लागू पडते. लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगाव येथे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. अशा जलाशयाचा विस्तार उपग्रहाच्या प्रतिमांवरून मोजता येतो.

युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘सेंटिनेल-२’ मालिकेतील पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये सोडण्यात आला. त्याच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्टीतील त्याचा एक पिक्सेल जमिनीवरील १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकडा दाखवितो. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेते, तर माती आणि पिके तो मोठ्या प्रमाणात परत फेकतात. या फरकावर आधारित जलनिर्देशांक मॅकफिटर्स यांनी १९९६ मध्ये मांडला. हिरव्या पट्टीच्या आकड्यातून अवरक्त पट्टीचा आकडा वजा करावा आणि या वजाबाकीला दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागावे. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येते. ते शून्याहून अधिक असेल तर साधारणपणे तेथे पाणी समजावे.

पाण्यावर हिरवा आकडा ९०० आणि अवरक्त ४०० असेल, तर निर्देशांक ०.३८ येतो. कोरड्या तळावर हेच आकडे ११०० आणि २६०० असतील, तर तो उणे ०.४१ येतो. परंतु या प्रतिमा सोळा बिटांच्या, ऋण संख्या न मावणाऱ्या चौकटीत साठविलेल्या असतात. आकडे तसेच ठेवून ‘नमपाय’मध्ये वजाबाकी केली, तर उणे १५०० ऐवजी ६४,०३६ मिळतात आणि निर्देशांक १७.३ होतो. तो शून्याहून अधिक असल्याने आज्ञावली त्या बिंदूला पाणी ठरविते. भेगाळलेला तळ, काठावरची शेते आणि माळरान, सारेच जलमय होते. धरण कोरडे असताना कोष्टकात ते भरलेले दिसते.

आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. २५ जानेवारी २०२२ पासून ‘सेंटिनेल-२’च्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात १००० मिळविले जातात. ते आधी वजा केले नाहीत, तर वर उल्लेखिलेल्या पाण्याचा निर्देशांक ०.३८ वरून ०.१५ वर घसरतो. २०१६ आणि त्यानंतरच्या एखाद्या वर्षाची तुलना करताना पाण्यात काहीही फरक नसताना बदल झाल्याचा आभास निर्माण होतो.

निर्देशांक अचूक आला तरी तो पाण्याचा पृष्ठभागच सांगतो. दहा हजार पिक्सेल म्हणजे एक चौरस किलोमीटर, हा हिशेब सोपा. पण साठा किती, हे ठरविण्यासाठी त्या जलाशयाची खोली आणि क्षेत्रफळ यांचा तक्ता लागतो. ढगांची सावलीही पाण्यासारखी भासू शकते. तरीही अशा निर्देशांकांचे प्रशासकीय महत्त्व मोठे आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेल्या वनस्पती निर्देशांकांचा समावेश दुष्काळाच्या निकषांत आहे. वनस्पती निर्देशांकाचे सूत्रही असेच असते. तेथे अवरक्त पट्टीतून लाल पट्टी वजा केली जाते.

पाळावयाची पथ्ये

प्रतिमांवर गणित करणाऱ्याने काही पथ्ये पाळणे इष्ट ठरते. प्रतिमा उघडताच तिच्यातील आकड्यांचा प्रकार आणि त्यांचे किमान व कमाल मूल्य पाहावे. दोन प्रतिमांवर क्रिया करण्यापूर्वी त्यांचा आकार आणि जागा जुळते का, हे तपासावे. एका बिंदूचा सरकाही वजाबाकीत खोट्या रेषा उमटवितो. भागाकारापूर्वी छेद शून्य असलेले बिंदू वगळावेत. उत्तर अपेक्षित मर्यादेत आहे का, हे पाहावे; उणे एक ते एक या मर्यादेतील निर्देशांक १७ आला, तर चूक तेथेच पकडता येते. शेवटी, ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे दोन-चार बिंदू कागदावर सोडवून पाहावेत. आज्ञावली चुकीच्या वजाबाकीवर बहुधा थांबत नाही आणि इशाराही देत नाही. ती चूक ओळखण्याचे काम माणसालाच करावे लागते.