दोन जिनसेन



चातुर्मासात प्रश्नमंजूषा घेतली की दोन प्रश्न हमखास असतात. हरिवंशपुराण कोणी लिहिलं? आचार्य जिनसेन. आदिपुराण कोणी लिहिलं? आचार्य जिनसेन. दोन्ही उत्तरं बरोबर, दोन्हींना गुण मिळतात. पण घरी जाताना बहुतेकींच्या मनात एकच जिनसेन असतात. प्रत्यक्षात ते दोन होते, आणि दोघे साधारण एकाच काळातले.

पहिले जिनसेन पुन्नाट संघाचे. पुन्नाट म्हणजे कर्नाटकातला जुना मुलूख. त्यांच्या गुरूंचं नाव कीर्तिषेण. त्यांनी वर्धमानपूर इथे ६६ सर्गांचं हरिवंशपुराण रचलं. शेवटच्या सर्गात त्यांनी साल स्वतःच लिहून ठेवलं आहे, शके ७०५, म्हणजे इ.स. ७८३. त्या वेळी उत्तरेत इंद्रायुध आणि दक्षिणेत श्रीवल्लभ राज्य करत होते, हेही सांगितलं आहे. राष्ट्रकूटांचा इतिहास लिहिणाऱ्यांना या एका श्लोकाचा मोठा आधार वाटतो.

दुसरे जिनसेन पंचस्तूप अन्वयाचे, पुढे ज्याला सेनगण म्हणू लागले त्या परंपरेतले. त्यांचे गुरू म्हणजे धवला टीका लिहिणारे वीरसेन. जयधवला लिहिताना वीरसेनांचं वीस हजार श्लोकांइतकं काम झालं आणि त्यांचा देह पडला. उरलेलं चाळीस हजारांचं काम शिष्यानं पुरं केलं, शके ७५९ मध्ये, म्हणजे इ.स. ८३७ ला, फाल्गुनातल्या नंदीश्वर पर्वात. आपण ज्या अष्टाह्निकात विधान करतो, तेच हे दिवस. मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष या जिनसेनांना वंदन करून स्वतःला धन्य मानत असे. त्याच अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. आदिपुराणाची ४२ पर्वं आणि पुढच्या पर्वाचे तीन श्लोक एवढं जिनसेनांच्या हातून झालं. बाकीचं गुणभद्र या शिष्यानं पूर्ण केलं. गुरूचं अपुरं काम यांनी पुरं केलं, यांचं अपुरं काम शिष्यानं.

आता दोन्ही सालं शेजारी ठेवा. ७८३ आणि ८३७. मधे फक्त ५४ वर्षं. दीर्घायुषी माणूस दोन्ही ठिकाणी असू शकतो, म्हणूनच घोटाळा होतो. चार-पाचशे वर्षांचं अंतर असतं तर कुणी गल्लत केली नसती.

मी कॉमर्सची. आम्हाला खतावणी शिकवताना सांगायचे, एकाच नावाची दोन खाती असतील तर नावापुढे वडिलांचं नाव आणि गाव लिहा, नाहीतर एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर चढेल. इथे वडिलांच्या जागी गुरू आणि गावाच्या जागी संघ. कीर्तिषेणांचे शिष्य, पुन्नाट संघ, हे एक खातं. वीरसेनांचे शिष्य, पंचस्तूप अन्वय, हे दुसरं.

आणि सगळ्यात मोठा पुरावा हरिवंशपुराणातच आहे. पहिल्या सर्गात कवी आपल्याआधीच्या मोठ्या आचार्यांचं स्मरण करतात. त्यात वीरसेनांचं नाव येतं आणि त्यांच्यामागोमाग पार्श्वाभ्युदय लिहिणाऱ्या जिनसेनांचं. पार्श्वाभ्युदय हे मेघदूताच्या ओळी गुंफून पार्श्वनाथांवर केलेलं काव्य. म्हणजे एका जिनसेनांनी दुसऱ्या जिनसेनांची स्तुती केली आहे! आपलंच नाव असलेला दुसरा विद्वान गाजतो आहे, त्याच्याबद्दल मनात अढी नाही, उलट ग्रंथाच्या आरंभी त्याचा गौरव. आणि आपण काय करतो? ज्यांनी मोठ्या मनानं हे लिहिलं, त्यांचाच ग्रंथ दुसऱ्यांच्या खात्यावर चढवतो.

आपल्या भागात तर हा गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे. आपल्या कोल्हापूरच्या मठात गादीवर बसणारे प्रत्येक भट्टारक लक्ष्मीसेन होतात आणि नांदणीच्या मठात जिनसेन. तिथे नाव गादीचं असतं, स्वामी बदलतात, नाव तेच राहतं. त्यामुळे शिलालेखात किंवा हस्तलिखितात नुसतं 'जिनसेन' दिसलं की ते कोणते, हे विचारावंच लागतं.

हे फक्त आपल्याच आचार्यांच्या बाबतीत झालं असं नाही. गणितात भास्कराचार्यही दोन. एकानं इ.स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. दुसरे लीलावती लिहिणारे, जन्म १११४ चा. दोघांत जवळजवळ पाचशे वर्षं. चाळीसगावजवळ पाटण इथे दुसऱ्या भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, कोरवलेला शिलालेख आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात घराण्याची वंशावळ आहे. तिथेही नुसतं नाव उपयोगी पडलं नाही, घराणं कळल्यावर माणूस कळला.

आपल्याकडे ही निवडानिवड पंडित नाथूराम प्रेमी, डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांच्यासारख्यांनी आयुष्यभर केली. उपाध्ये जवळच्या सदलग्याचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ अर्धमागधी शिकवली. पोथी हातात आली की ती कोणाची, कोणत्या गुरूच्या शिष्याची, कोणत्या सालची, हे ठरल्याशिवाय ते पुढे जात नसत. या मंडळींमुळे आज दोन जिनसेनांना दोन म्हणता येतं.

आपल्याला एवढी विद्वत्ता नको, एक सवय पुरे. स्वाध्यायात ग्रंथ संपत आला की कथा संपली म्हणून आपण शेवटची प्रशस्ती न वाचताच पोथी बांधतो. गुरूचं नाव, संघ, गाव, साल, सगळं तिथेच असतं. या पर्युषणात ती दोन पानं मोठ्यानं वाचा. आणि प्रश्नमंजूषा काढणाऱ्या मैत्रिणींना एक विनंती. या वर्षी 'हरिवंशपुराणाचे कर्ते कोण?' एवढंच विचारू नका. 'त्यांचे गुरू कोण?' हेही विचारा. जिला कीर्तिषेण सांगता येईल, तिला पूर्ण गुण द्या.