प्रार्थना आणि भाकरी : केडगावच्या मुक्तिसदनाची हकीकत

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने आपण कधी गेला असाल, तर वाटेत लागणारे केडगाव स्टेशन आपल्याला आठवत असेल. खिडकीतून शेते पाहावीत आणि पुढे जावे, असे हे साधेसुधे स्टेशन. परंतु सव्वाशे वर्षांहून थोड्या अधिक काळापूर्वी याच गावाजवळच्या माळावर दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली झोपड्यांतून आणि तंबूंतून राहत होत्या. त्यांना घेऊन आलेली बाई संस्कृतची पंडिता होती. तिचे नाव रमाबाई. या रमाबाईंच्या आयुष्यातून एक जुना प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा असे मनात आहे. दारात उपाशी माणूस उभा असताना देवापुढे गुडघे टेकून बसावे, की उठून चुलीला लाकूड लावावे?

प्रश्न ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. बायबलमध्ये ‘प्रेषितांची कृत्ये’ या नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात यरुशलेम नगरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे एक भांडण आले आहे. आणि गंमत पाहा, ते भांडण जेवणावरून आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा येशूचे बारा शिष्य म्हणाले की आम्ही प्रार्थना आणि उपदेश सोडून वाढपाचे काम पाहू लागलो तर ते बरे नव्हे. मग वाटपासाठी सात भले माणसे निवडली गेली. म्हणजे एका घरात दोन खाती झाली. तोड व्यवहारी होती यात शंका नाही. पण खाती वेगळी झाली म्हणजे काही दिवसांनी माणसेही वेगळी होतात, हा आपल्या गावच्या सोसायटीपासून सगळीकडचा अनुभव आहे. पुढच्या अनेक शतकांत काही ख्रिस्ती लोक प्रार्थनेसाठी मठात गेले, काही दवाखाने आणि अनाथालये चालवू लागले, आणि दोघेही अधूनमधून एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले.

केडगावात ही दोन खाती एकाच हाती होती. ती तशी का राहिली, हे समजण्यासाठी रमाबाईंचे बालपण पाहावे लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव फिरू लागले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि हातचे होते नव्हते ते संपले. जपजाप्य, उपासतापास, दानधर्म यांत या माणसांनी काही कसर ठेवली नव्हती. तरी काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. अंगमेहनतीचे काम आम्हाला कोणी शिकवले नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांनी त्यावरून जुन्या धर्माबद्दल जे निष्कर्ष काढले ते सर्वांना पटतील असे नाही. मलाही सगळे पटत नाहीत. परंतु एक गोष्ट त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या मनावर कायमची कोरली गेली असली पाहिजे. तोंडात देवाचे नाव होते आणि दारात मदतीला कोणी आले नाही.

मधली हकीकत थोडक्यात सांगतो. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. भाऊ वारला, विवाह झाला, दोन वर्षांच्या आत पतीही पटकीने गेले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी. १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडात वाँटेज या गावी जोगिणींचा एक मठ होता. या बायका नेमाने उपासना करीत आणि त्याच नेमाने शाळा चालवीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. लंडनजवळ फुलहॅम येथे त्यांचे एक घर होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. रमाबाई ते घर पाहायला गेल्या. या जोगिणी त्या बायकांशी किती मायेने वागतात हे पाहून त्या थक्क झाल्या. आपल्याकडे अशा बाईची सावलीही नको असते, मग ही माया यांना कोठून येते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका जोगिणीने त्यांना येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. १८८३ च्या सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराला इतर कारणेही होती. पण धर्माची ओळख त्यांना वादविवादाच्या सभेत पटली नाही, तर एका आश्रमाच्या अंगणात पटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथे धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले सोवळेओवळे खुशाल पाळावे, असा करार होता. या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. आता पेच पाहा. मिशनरी मंडळी म्हणू लागली, ही कसली ख्रिस्ती बाई, संस्थेत प्रार्थनाच नाही! आणि पुण्यातले लोक म्हणू लागले, ही बाई मुलींना बाटवणार! रमाबाई स्वतः मुलीबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. कोणाला ‘ये’ म्हणायचे नाही आणि आलेल्याला ‘जा’ म्हणायचे नाही, एवढाच त्यांचा नियम. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

हा वाद मी वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांचे हटकून दोन तट पडतात. एक म्हणतो, दार लावून घेतले असते तर काय बिघडले असते? दुसरा म्हणतो, स्वतःच्या घरात देवाचे नाव घ्यायला दार का लावावे? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पण राजीनामा देणाऱ्यांना लबाड ठरवणे किंवा रमाबाईंना कपटी ठरवणे, या दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत.

यानंतरचा प्रसंग मला फार बोलका वाटतो. १८९६ साली लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनामेळा भरला होता. रमाबाई आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन तेथे गेल्या. एका पहाटे रानात एकट्या बसून त्यांनी देवाकडे मागणे मागितले की या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे दोनशे पंचवीस. मनात लगेच शंकाही आली, कारण सदनात जेमतेम साठ जणींची सोय होती. आपण देवाकडे पुष्कळ गोष्टी मागतो, पण मागितलेले मिळाले तर ते ठेवायचे कोठे, हा विचार सहसा करत नाही. दोनशे पंचवीस मुली मागणे म्हणजे दोनशे पंचवीस ताटे, तितकीच अंथरुणे, तितक्याच डोक्यांतल्या उवा आणि अंगावरची खरूज मागणे.

पुढच्याच हिवाळ्यात मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाई उठल्या आणि स्वतः तिकडे गेल्या. आपले आईबाप आणि बहीण कसे गेले ते त्यांना आठवले. काही महिन्यांत त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती, आणि शहरात इतकी माणसे ठेवायला सरकारने मनाई केली. शारदा सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून फळबागेसाठी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या जमिनीवर तंबू पडले, झोपड्या उठल्या. तेच मुक्तिसदन. १८९९–१९०० चा दुष्काळ आला तेव्हा गुजरात-राजपुतान्याकडूनही मुली आल्या आणि संख्या दीड हजाराच्या वर गेली.

दीड हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे काय, हे आपल्या घरचे एक लग्न आठवले की कळेल. येथे ते लग्न वर्षानुवर्षे चालू होते. विहिरी खणल्या, भाजीपाला लावला, गाई पाळल्या. हातमाग आला, तेलाचा घाणा आला, शिवणकाम आले, छापखाना आला. मोठ्या मुली लहानग्यांना न्हाऊमाखू घालीत. फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची निराळी सोय झाली. आंधळ्या स्त्रियांना बोटांनी ब्रेल वाचायला शिकवले. अंगमेहनतीचे काम न शिकल्यामुळे जिच्या घरची माणसे उपाशी मेली, तिने आपल्या प्रत्येक मुलीच्या हातात काही ना काही काम दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि प्रार्थना? ती पहाटे होती, संध्याकाळी होती, आणि तिजोरीत पैसा नसे तेव्हा तर फारच होती.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. शारदा सदनात दार उघडे होते आणि आत यायचे की नाही हे मुलीच्या हाती होते. केडगावात तसे म्हणता येणार नाही. मुक्तिसदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. आठ वर्षांची, हाडांचा सापळा झालेली पोर आपल्याला जेवू घालणाऱ्या बाईचाच देव मानणार. तिने निवड केली असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? भाकरी आणि प्रार्थना एकाच हातून मिळू लागली, की घेणाऱ्याची मोकळीक आखडते. हा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि तो वाऱ्यावर सोडून देण्याजोगा नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. मध्यप्रांतातल्या त्या रस्त्यांवर या मुली पडल्या होत्या तेव्हा त्यांना उचलायला किती जण गेले होते?

१९०५ साली पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी धर्मजागृतीसाठी रोज प्रार्थना करायला मुलींना बोलावले. सुरुवातीला सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री एक मुलगी उठून मोठ्याने रडू लागली. तिच्या अंगाभोवती जाळ दिसतो आहे असे वाटून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असे त्या वेळच्या वृत्तांतात आहे. त्यानंतर मुक्तिसदनात रडणे, पापे कबूल करणे, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करणे यांचा पूर आला. काही काळ शाळेचे धडेही बाजूला ठेवावे लागले. बाहेरच्या काही गोऱ्या मंडळींना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. आमच्या लोकांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे रडू द्या, परक्यांची शिस्त त्यांच्यावर लादू नका, असा त्यांचा रोख होता.

पण त्यांनी हा पूर नुसता वाहू दिला नाही. मुलींच्या टोळ्या करून त्यांना पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत पाठवले. मागची भांडी, गाईंचा गोठा, आजाऱ्यांची खोली ही कामेही कोणाला सुटली नव्हती. इतक्या कच्च्याबच्च्यांच्या घरात चूल एक दिवस विझली तर काय होईल, हे दुष्काळातून आलेल्या मुलींना शिकवावे लागत नव्हते.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्या शिकल्या. आधीच्या भाषांतरातली भाषा साध्या बायकांना जड जाते, असे त्यांना वाटे. कानाने त्यांना आधीच कमी ऐकू येत असे. आता प्रकृतीही साथ देत नव्हती. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. आईचे काम पुढे तिनेच चालवायचे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. ते केडगावच्याच छापखान्यात छापले होते, आणि त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या बायकांनी जुळवले होते.