बनारसच्या राजाची इंग्लंडमधली विहीर

इंग्लंडच्या इतिहासात हिंदुस्थानातून तिकडे गेलेल्या पैशाची चर्चा नेहमी होते, आणि व्हायलाच हवी. पण एका लहानशा खेड्याच्या इतिहासात ही गोष्ट वेगळ्या रूपात येते. ते वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही.

ऑक्सफर्डशायरमध्ये चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचे गाव आहे. इंग्लंड म्हणजे पावसाचा देश, तिथे पाण्याची टंचाई कशी असेल, असे आपल्याला वाटते. पण या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. पडलेला पाऊस सगळा खाली झिरपतो. वर ना ओढा, ना झरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली गरीब माणसे डबक्यांत आणि खड्ड्यांत साठलेल्या गढूळ पाण्यावर दिवस काढत. उन्हाळ्यात तेही आटे.

शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड कंपनी सरकारच्या नोकरीत होते. आझमगडला असताना त्यांनी १८३१ मध्ये तिथल्या लोकांसाठी विहीर खोदवली होती. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. बोलता बोलता रीडसाहेबांनी आपल्या गावाकडची हकीकत सांगितली : घरातले उरलेसुरले पाणी पिऊन टाकले म्हणून एका पोराला आईने मारले. महाराजांनी ही गोष्ट लक्षात ठेवली आणि काही वर्षांनी त्या गावाला विहीर देऊ केली, असे सांगतात.

१८६३ मध्ये काम सुरू झाले. विहिरीची खोली ३६८ फूट, म्हणजे कुतुबमिनाराच्या उंचीच्या दीडपट; रुंदी जेमतेम चार फूट. सगळे खोदकाम हाताने. एवढ्या अरुंद, अंधाऱ्या नळीत उतरून खडू फोडणाऱ्या मजुरांची मला राजापेक्षा जास्त आठवण येते. वर घुमट, लोखंडी खांब, रहाटावर लोखंडी हत्ती. बादली वर यायला सुमारे दहा मिनिटे लागत, पण पाणी स्वच्छ आणि सर्वांना फुकट. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली, तिचे नाव ‘ईश्री बाग’. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावाला अर्पण झाली.

इथे मी अडखळतो. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. १८५७ मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले होते. त्याच वर्षी जूनमध्ये नीलच्या फौजेने बनारसच्या परिसरात माणसांना सरसकट फासावर चढवले. १८६०-६१ मध्ये दोआबात भीषण दुष्काळ पडला. पुढे १८८२ मध्ये राणी गोळीबारातून बचावली, तेव्हा महाराजांनी याच गावात पाव, चहा आणि साखर वाटली. मग हे दान होते की निष्ठेचे प्रदर्शन?

आपल्या बुजुर्गांनी पाणी देण्याला सदका-ए-जारिया म्हटले. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेत बिर-ए-रूमा विकत घेऊन सर्वांसाठी मोकळी केली, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. देणाऱ्याच्या नियतीचा हिशेब अल्लाह जाणतो. मी इतिहास वाचतो आहे. आणि इतिहासात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. राजाला सत्तेची मर्जी हवी होती, हे मला लपवायचे नाही. पण मार खाणाऱ्या पोराची गोष्ट ऐकून त्याला वाईट वाटले, हे नाकारायला माझ्याकडे काही आधार नाही. बनारसमध्ये वाढलेल्या माणसाला तहान समजावून सांगावी लागत नाही.

ज्यांच्या चुली त्या पाण्यावर पेटल्या, ते ना सत्ताधारी होते, ना कंपनीचे भागीदार. तीही राबणारी माणसे होती. हे आठवले की ‘इंग्रज’ हा शब्द मला थोडा जपून वापरावासा वाटतो.

सत्तर वर्षांहून अधिक काळ गावाने हे पाणी वापरले. मग नळ आले आणि रहाट थांबला. १९६४ मध्ये शंभर वर्षे झाली, तेव्हा प्रिन्स फिलिप आले होते आणि बनारसहून आणलेले गंगेचे पाणी विहिरीत ओतले गेले. घुमट आणि हत्ती आजही जागेवर आहेत.