मक्यातली अळी नेमकी कोणती? डीएनए बारकोड काय सांगतो

डीएनए बारकोडिंग म्हणजे जिवाच्या डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा वाचून त्याची प्रजाती ओळखणं. प्राण्यांमध्ये हा तुकडा 'सीओआय' या जनुकातला असतो, लांबी साधारण ६५८ अक्षरं. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली. तेव्हा पतंग-फुलपाखरांच्या २०० प्रजातींवर ती तपासली होती.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

समजा, लोहारा तालुक्यातल्या माकणीच्या शिवारात मक्याच्या पोंग्यात अळी दिसली. ती आपली जुनी लष्करी अळी, सोयाबीनवरही येणारी तंबाखूची पाने खाणारी अळी, की अमेरिकन लष्करी अळी? अळी मोठी असेल तर अमेरिकन ओळखता येते: डोक्यावर उलटा 'वाय' आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. पण अंडी किंवा नुकती बाहेर पडलेली अळी पाहून तज्ज्ञही अडतात. बारकोडला वय आडवं येत नाही. अंडं, अळी, कोष, अगदी पतंगाचा तुटलेला पाय, सगळीकडे डीएनए तोच.

अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर सापडली. नवी परदेशी कीड आली, हे नुसत्या रूपावरून जाहीर करणं धोक्याचं. म्हणून शास्त्रज्ञांनी सीओआयचा क्रम जुळवून खात्री केली. त्याच वर्षी ती धाराशिवच्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात पोहोचली, तिथे उसावरही दिसली.

प्रयोगशाळेत काय होतं?

नमुना अल्कोहोलमध्ये ठेवतात (फॉर्मेलिनमध्ये नको, डीएनए खराब होतो). डीएनए वेगळा काढून पीसीआरने हवा तो तुकडा वाढवतात, त्याचा क्रम वाचतात आणि 'बोल्ड' किंवा 'जेनबँक' या संग्रहांशी ताडून पाहतात. संग्रहात ती प्रजातीच नसेल, किंवा कुणी चुकीच्या नावाने टाकली असेल, तर उत्तरही तसंच येणार.

बारकोड कुठे फसतो?

सीओआय हे जनुक फक्त आईकडून येतं. अमेरिकन लष्करी अळीचे 'मका' आणि 'भात' असे दोन प्रकार आहेत. भारतातल्या बहुतेक नमुन्यांचं सीओआय 'भात' प्रकार दाखवतं, तर केंद्रकातलं 'टीपीआय' जनुक 'मका'! म्हणजे या अळ्यांच्या वंशात कुठेतरी संकर झालेला असावा. प्रजाती बारकोडने बरोबर सांगितली, पण पुढचं कोडं सोडवायला दुसरं जनुक लागलं.