मेदविघटन

मेदपेशीत साठलेल्या ट्रायग्लिसराइडचे मेदाम्ले व ग्लिसरॉल यांत होणारे विभाजन. शास्त्रीय नाव लिपोलिसिस. साठा कधी मोडायचा हे चेतातंतूंतून आणि रक्तातून येणारे संदेशवाहक रेणू ठरवतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठचे बेलापूर हा उसाचा पट्टा. हंगामात तोडकरी अंधारातच फडात उतरतो. रात्रीच्या भाकरीला आठ-नऊ तास झालेले असतात, रक्तातले इन्सुलिन खाली आलेले असते. गारठा आणि कोयत्याचे कष्ट यांमुळे चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन स्रवते.

हा रेणू मेदपेशीच्या आत शिरत नाही. तो बाहेरूनच पेशीच्या पृष्ठभागावरील बीटा ग्राहीला चिकटतो आणि आत चक्रीय एएमपी हा दुसरा निरोप्या तयार होतो. (त्याच्या शोधाशी निगडित कामासाठी अर्ल सदरलँड यांना 1971 चे नोबेल मिळाले.) चक्रीय एएमपीमुळे प्रोटीन कायनेज ए हे विकर कामाला लागते. मेदाच्या थेंबावर पेरिलिपिन प्रथिनाचे आवरण असते. त्याला फॉस्फेट जोडले गेले की थेंबाचे दार किलकिले होते. मग तीन विकरे पाळीपाळीने एकेक मेदाम्ल तोडतात: आधी एटीजीएल, नंतर एचएसएल, शेवटी एमजीएल. पहिला घावही एचएसएलच घालते, असा समज बरीच वर्षे होता. पण ते नसलेल्या उंदरांत मेद अर्धवट तुटून डायग्लिसराइड साचू लागले आणि संशय आला. 2004 मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझच्या संशोधकांनी एटीजीएलचे काम दाखवून दिले. सुटलेली मेदाम्ले रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनावर बसून स्नायूंकडे जातात, ग्लिसरॉल यकृताकडे.

तोडकऱ्याने बांधावर गोड चहा घेतला की चित्र पालटते. इन्सुलिन चढते, पीडीई3बी हे विकर चक्रीय एएमपी मोडून टाकते आणि थेंबाचे दार पुन्हा लोटले जाते. हा लगाम फार हलक्या हाताने लागतो: स्नायूंत साखर ओढून घ्यायला जितके इन्सुलिन लागते, त्याहून कितीतरी कमी इथे पुरते. लगाम आणखीही आहेत. तेच नॉरअ‍ॅड्रेनालिन अल्फा-2 ग्राहीला चिकटले, तर विघटन मंदावते. उलट, हृदयातून येणारे एएनपी संप्रेरक चक्रीय जीएमपीच्या वेगळ्याच वाटेने ते वाढवते.

लगाम सैल सुटला की काय होते, हे जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांना गोठ्यातच दिसते. जास्त दुधाची संकरित गाय व्याली की दुधासाठी लागणारी ऊर्जा चाऱ्यातून भागत नाही. इन्सुलिन कमी, वाढ संप्रेरक जास्त. अंगावरची चरबी वितळू लागते. यकृताला ती मेदाम्ले झेपली नाहीत, की कीटोन साचतात. गाय खुराक टाकते, दूध आटते, श्वासाला गोडसर वास येतो. डॉक्टर शिरेतून डेक्स्ट्रोज देतात, त्याने इन्सुलिनही वाढते. हा आजार म्हणजे कीटोसिस.

साठा कसा मोडतो हे झाले; तो किती आहे, याचा माणसांत नुसत्या वजनावरून अंदाज बांधणे मात्र धोक्याचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) 22.3, शरीरातील मेद युडकिन यांचा 9.1 टक्के, याज्ञिकांचा 21.2 टक्के.