माळावरची मृगया आणि मृगदर्शन

अहिल्यानगरहून (पूर्वीच्या अहमदनगरहून) छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीच्या औरंगाबादेकडे) जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव वसले आहे. जनावरांच्या बाजारामुळे, कांद्याच्या लिलावांमुळे आणि शनिशिंगणापूरची वाट येथूनच फुटत असल्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही अनेकांच्या कानी आहे. परंतु ज्या उघड्या, अवर्षणग्रस्त माळांच्या सान्निध्यात हे गाव वाढले, त्या माळांनाही एक पूर्वेतिहास आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून आजच्या मराठी प्रवाशाच्या एका नव्या आवडीचा अर्थ पुरता उलगडत नाही. ही आवड म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर, नामिबियातील इटोशा किंवा बोट्स्वानातील चोबे अशा उद्यानांत सफारीला जाऊन सिंह, हत्ती आणि हरणांचे कळप त्यांच्या स्वतःच्या मुलखात डोळे भरून पाहण्याची. परतलेला प्रवासी त्या विस्तीर्ण तृणभूमीचे वर्णन मोठ्या उमाळ्याने करतो. पण तशाच जातीची तृणभूमी आपल्या नगर जिल्ह्यात होती, आणि तिचे अवशेष अजूनही उरले आहेत, ही जाणीव त्या वर्णनात क्वचितच आढळते.

पवना, मारवेल आणि कुसळी गवताचे हे माळ, मधूनच एखादे हिवराचे, बाभळीचे किंवा बोरीचे झाड, आणि चार महिन्यांच्या लहरी पावसावर आठ महिने काढण्याची सवय लागलेली जीवसृष्टी, हे दख्खनच्या पठाराचे मूळ रूप होय. क्रूगरमध्ये इम्पाला हरणांचे जे स्थान, ते येथे काळविटांचे. तेथे गवतातून संथ पावले टाकीत जाणारा कोरी बस्टर्ड हा आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा भाऊबंद. आणि चित्ता तर दोन्ही भूमींचा सामाईक रहिवासी होता. लांडगा, खोकड, तरस आणि चिंकारा यांचा वावर या माळांवर पिढ्यानपिढ्यांचा आहे.

या प्राण्यांना सर्वांत जवळून पाहणारे पहिले लोक म्हणजे फासेपारधी. शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने, तिच्या पावलाशी पाऊल जुळवीत, पारधी काळविटांच्या कळपाजवळ सरकत जाई. चरणारे जनावर म्हणजे भयाचे कारण नव्हे हा हरणांचा अनुभव असल्याने कळप बिथरत नसे, आणि हळूहळू मांडलेल्या फाशांकडे वळवला जाई. ही विद्या केवळ मारण्याची नव्हती. फाशात सापडलेले पाडस किंवा गाभण हरणी सोडून देण्याची रीत या जमातीत होती, असे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. ज्यांच्या पोटाचा प्रश्न त्या कळपावर अवलंबून होता, त्यांनी कळपाच्या उद्याची चिंता वाहावी, हे स्वाभाविकच होते.

राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांनी हीच युक्ती अधिक थाटाने वापरली. मोगल बादशहांच्या पदरी चित्ते शेकड्यांनी होते. आणि विसाव्या शतकात कोल्हापूर संस्थानाने, राजर्षी शाहू महाराजांपासून पुढे, चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपरा मोठ्या हौसेने चालू ठेवली. डोळ्यांवर टोपडे चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवून चित्तेवान माळावर निघत. शेतकऱ्याची गाडी नित्य पाहणारी काळविटे ती गाडीही जवळ येऊ देत. पल्ला आटोक्यात आला की टोपडे उतरे, साखळी सुटे, आणि पुढचे सारे काही क्षणांत आटोपे. मग चित्तेवानाने धावत जाऊन, लाकडी पळीतून सावजाचे रक्त चित्त्यापुढे धरावे, त्याचे लक्ष त्यात गुंतले की पुन्हा टोपडे चढवावे, आणि त्याला गाडीवर आणून बसवावे, असा हा विधी होता. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर यांसारख्या संस्थानांनी पूर्व आफ्रिकेतून चित्ते आणवले. म्हणजे आफ्रिकेच्या वन्य पशूशी मराठी मुलखाची ओळख विमानप्रवासाच्या पुष्कळ आधीची आहे.

परंतु चित्ता आधीच सरत चालला होता. पिंजऱ्यात त्याची वीण सहसा होत नाही. त्यामुळे शिकारखान्यासाठी पकडलेला प्रत्येक चित्ता म्हणजे रानाच्या भांडवलातून कायमची केलेली उचल होती. त्यात बंदुकीची भर पडली आणि गवताळ जमिनी नांगराखाली गेल्या. १९४७ साली मध्य हिंदुस्थानातील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेल्याची नोंद आहे, आणि १९५२ साली हा प्राणी भारतातून नष्ट झाल्याचे सरकारने मान्य केले. ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्याच्या जाचातून त्यांची सुटका झाली तीही १९५२ सालीच. ज्या वर्षी चित्ता गेला असे दफ्तरात लिहिले गेले, त्याच वर्षी त्याच्या सावजाला सर्वांहून अधिक ओळखणारा माणूस कायद्याने मोकळा झाला. पण त्याच्या विद्येला राज्यकारभारात जागा मिळाली नाही, आणि पुढे शिकारबंदीच्या कायद्यांनी त्याची उपजीविका काढून घेतली तेव्हा त्या बदल्यात त्याच्या हाती फारसे काही आले नाही.

आता आफ्रिकेकडे पाहू. क्रूगर उद्यानाचा आरंभही शिकारीतूनच झाला. बेसुमार हत्येने हरणे संपत आली, तेव्हा ट्रान्सवालच्या सरकारने १८९८ साली साबी नदीलगतचा प्रदेश राखीव केला. १९०२ पासून १९४६ पर्यंत जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन या अधिकाऱ्याने तो सांभाळला. आणि प्रारंभीच्या काळात हरणे वाढावीत म्हणून सिंहांनाच गोळ्या घातल्या गेल्या. १९२६ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९२७ साली पहिल्या प्रवाशांच्या अवघ्या तीन मोटारी आत आल्या. त्यांना हळूहळू जो अनुभव आला तो आजच्या सफारीचा पाया आहे: मनुष्य खाली उतरून चालू लागला की कळप उधळतो, पण मोटारीत स्थिर बसून राहिला तर सिंहही तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो. पारध्याची गाय, चित्तेवानाची बैलगाडी आणि सफारीची मोटार या तिन्हींच्या मुळाशी पशुस्वभावाचे हे एकच ज्ञान आहे. पहिल्या दोहोंच्या आडून फास आणि चित्ता सुटत, तिसरीच्या आडून केवळ दृष्टी जाते. वाहनातून न उतरण्याचा आणि आवाज न करण्याचा जो दंडक तेथे प्रवाशांना पाळावा लागतो, त्याचे मर्म हेच होय.

मात्र त्या उद्यानाचे मोलही मोजले पाहिजे. गोरेतर प्रवाशांना, आणि त्यांत हिंदी लोकही आले, वर्णभेदाच्या राजवटीत तेथील मुख्य मुक्कामतळांवर मज्जाव होता. १९६९ साली उत्तरेकडील पाफुरी भागातून मकुलेके लोकांना त्यांच्या घरादारांसह हुसकावून लावण्यात आले, आणि तो भाग उद्यानात सामील झाला. १९९८ साली ती जमीन त्यांना कायदेशीर रीतीने परत मिळाली. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी तेथे पुन्हा नांगर न धरता ते रान राखले आणि प्रवाशांपासूनच्या उत्पन्नात आपला वाटा मिळवला.

आपल्याकडेही शिकारीकडून दर्शनाकडे प्रवास झाला. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९७२ साली केंद्राचा कायदा आला; आणि व्यंकटेश माडगूळकरांसारख्या, तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेल्या लेखकाने पुढे नागझिऱ्याच्या रानात नुसते निरीक्षण करीत राहण्यातला आनंद मराठी वाचकाला दिला. १९८० साली कर्जत तालुक्यात देऊळगाव-रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. क्रूगरचे सुमारे १९,५०० आहे. त्याआधी, १९७९ साली, माळढोकासाठी जे अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते, सोलापूरसह नगर जिल्ह्यात पसरले होते, आणि घोडेगाव ज्या तालुक्यात आहे त्या नेवाशाचाही काही भाग त्यात होता. पण त्या रेषेच्या आत शेकडो गावे आणि खासगी शेते होती. शेतकऱ्याला त्याचे निर्बंध तेवढे जाणवले, लाभ काही दिसला नाही. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले, आणि माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

याचे कारण माझ्या मते जमिनीच्या हिशेबात आहे. जमाबंदीच्या कागदांत माळ हा पडीक किंवा गायरान म्हणून लिहिला गेला. म्हणजे त्याच्यावर काहीतरी करणे शिल्लक आहे, अशीच सर्वांची समजूत झाली. कोणी तो नांगरला, कोणी त्यावर कारखाना उभारला. वनखात्यानेही गवताच्या जागी झाडे लावणे हे पुण्यकर्म मानले, आणि ज्या पक्ष्याला उघडे आकाश हवे त्याच्या माळावर गिरिपुष्पाची दाटी झाली. मुळा धरणाच्या कालव्यांनी नेवाशाच्या कोरडवाहू शेतीला पाणी दिले, हे उपकार थोडे नव्हेत. पाण्याबरोबर ऊस आला, आणि उसाबरोबर बिबट्या. अकोले तालुक्यातील ऊसशेतीच्या प्रदेशात, दाट लोकवस्तीत, दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत असल्याचे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. वन्य जीवन जिल्ह्यातून गेलेले नाही. गवतावर जगणारे मात्र मागे हटले.

रेहेकुरीस सकाळच्या उन्हात उभे राहिले म्हणजे काय राखता येते ते कळते. काळ्याभोर पाठीचा, पांढऱ्या पोटाचा नर मळसूत्री शिंगे मानेवर टेकवून, नाक वर करून, आपल्या हद्दीत पावले मोजीत फिरतो. फिकट बदामी माद्यांचा घोळका चरता चरता थबकतो. एखादी मादी चारी पाय एकदम उचलून उंच उडते, आणि तिच्यामागोमाग सारा कळप तशाच उड्या घेत दूर जातो. त्यासाठी पारपत्र लागत नाही. कळप अधिक वाढला की तो कुंपणाबाहेरच्या ज्वारीत शिरतो, आणि तेथे शेतकऱ्याचे नुकसान सुरू होते. दोन चौरस किलोमीटरांच्या तुकड्याचा हा अपरिहार्य परिणाम आहे.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ, आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. चित्ता विमानाने आणता येतो, गवताचा मुलूख आणता येत नाही. तो येथेच, गावोगावच्या गायरानांत आणि धनगरांच्या चराऊ कुरणांत, तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे. म्हणून महसुलाच्या दफ्तरात माळाला पडीक न म्हणता तृणभूमी म्हणून स्वतंत्र नोंद मिळावी. पिकाच्या नुकसानीची भरपाई विनाविलंब व्हावी. आणि काळविटाचा माग ज्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आला, त्या पारध्याला मार्गदर्शक म्हणून सन्मानाची, पगाराची नोकरी मिळावी. मकुलेके लोकांनी जे आपल्या जमिनीवर साधले ते नेवाशाच्या किंवा कर्जतच्या ग्रामपंचायतीला अशक्य नाही. आणि आफ्रिकेहून परतलेल्या ज्या मराठी प्रवाशाला त्या रानाचे खरे प्रेम लागले असेल, त्याने आपला शब्द आणि आपला पैसा या कामी लावणे, हेच त्या प्रेमाचे सार्थक होय.